६० पैकी २३ : मर्यादित आवृत्तीतला ओरखडा कुणाच्या खात्यावर?

शाईचा_डाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी पुण्यात राहतो आणि नोकरी करून उरलेल्या वेळात ईबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, फाउंटन पेनं बनवून विकतो. आराखडा माझा, लेथवरचं काम भोसरीच्या एका गाळ्यात बसणाऱ्या आमच्या टर्नरमामांचं, निब जर्मनीहून मागवलेली, आणि ती निब घासून-पुसून लिहिती करणं पुन्हा माझं. यंदा दिवाळीला पहिल्यांदाच क्रमांकित आवृत्ती काढली. मरून-काळ्या रिपल (लाटांच्या नक्षीच्या) ईबोनाइटची साठ पेनं, प्रत्येकाच्या नळीवर खालच्या टोकाशी १/६० पासून ६०/६० पर्यंत आकडा कोरलेला. किंमत ६,८००. अकरा दिवसांत सगळी गेली. घरी पेढे आणले.

पेढे संपायच्या आत तक्रारी सुरू झाल्या. साठांतून नऊ. नऊपैकी एकाचंही लिहिणं बिघडलेलं नाही, हे आधी सांगतो. शाई गळत नाही, निब खरडत नाही. सगळं रडगाणं दिसण्याचं.

आठ नंबरवाल्या ताईंचं म्हणणं, टोपणावरची लाट नळीवरच्या लाटेशी जुळत नाही. वास्तविक टोपण आणि नळी आम्ही एकाच कांबीतून, शेजारशेजारच्या तुकड्यांतून काढतो, म्हणजे न जुळण्याचं कारण नाही. फोन केला तेव्हा उलगडा झाला. आटे थ्री-स्टार्ट आहेत, त्यामुळे टोपण तीन वेगवेगळ्या जागी धरून बंद होतं, आणि लाट जुळते ती त्यातल्या एकाच जागी. 'ताई, टोपण काढा, एक तृतीयांश फिरवून पुन्हा लावा.' दुसऱ्या प्रयत्नाला फोनवरच 'अगंबाई' ऐकू आलं. ही तक्रार माझ्यामुळेच, कारण डब्यातल्या कागदावर हे एक वाक्य छापायला हवं होतं.

सत्तेचाळीसमध्ये चाराच्या आकड्यातला पांढरा रंग जरा बाहेर आलाय. दोघांना रंग फोटोपेक्षा तपकिरी वाटला. फोटो मी रिंग लाइटखाली काढले होते, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली तोच मरून चहासारखा दिसतो. एकाच्या डब्याचा कोपरा कुरियरनं चेपलाय.

आणि मग तेवीस नंबर. हे गृहस्थ साताऱ्याकडचे, निवृत्त. त्यांनी लिहिलं, 'नळीच्या टोकाकडे उजेडात धरल्यावर तीन बारीक खुणा दिसतात.' मी त्या दिवशी ऑफिसातून वैतागून आलो होतो. ठरलेलं उत्तर ठोकून दिलं : 'काका, वस्तू हातानं बनवलेली आहे, असे छोटे फरक हीच तिची ओळख.' रात्री साडेनऊला त्यांचा एका ओळीचा मेल आला.

'तिन्ही खुणा बरोबर १२० अंशांवर आहेत. हातानं नव्हे, चकनं केल्यात.'

मंडळी, मी ती ओळ वाचून जेवायचा थांबलो. खरंच आहे. थ्री-जॉ चकमध्ये, म्हणजे लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत, नळी उलटी धरली की जबड्यांच्या तीन खुणा उठतात, पॉलिशमध्ये त्या जायला हव्या होत्या, गेल्या नाहीत, आणि माझ्याही नजरेतून सुटल्या. चूक आमची, आणि वर मी तिला कारागिरीची शाल पांघरली.

दहावा किस्सा वेगळा आहे, तो तक्रारीत धरत नाही. एकानं ओरखडा दाखवून ४० टक्के पैसे परत मागितले, नाहीतर इन्स्टावर टाकतो म्हणाला. फोटोत ओरखडा मला काही सापडला नाही. मी पेन परत मागवलं तर गप्प झाला. तीन आठवड्यांनी तेच पेन खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर दिसलं, 'मिंट कंडिशन, एकही डाग नाही', ९,५०० रुपयांना.

तर प्रश्न असा. दिसण्यातला दोष कुठं सुरू होतो आणि वस्तूचा स्वभाव कुठं संपतो, हे ठरवायचं कुणी आणि कसं? आणि नग बदलून द्यायचा तर क्रमांकाचं काय करायचं? त्या लॉटची दीडेक फूट कांब शिल्लक आहे, म्हणजे फार तर दोन पेनं.

खोकाबहाद्दर

पहिला प्रतिसाद माझा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

९,५०० वाला किस्सा वाचून हसू आलं नाही, ओळखीचा वाटला.

निळी_दौत

माझ्याकडे शंभरेक पेनं आहेत, तेव्हा घेणाऱ्याची बाजू मांडते. राग मानू नका.

साधं पेन घेतलं आणि त्यावर डाग निघाला तर मी दुकानात जाते, बदलून आणते, विसरते. क्रमांकित पेन घेताना तुम्हीच मला सांगितलेलं असतं की हे पुन्हा मिळणार नाही. तेच सांगून चार पैसे जास्त घेतलेले असतात. मग त्यावर डाग निघाला की मला दुसरं मागायची सोय नाही, परत दिलं तर कायमचं गेलं, ठेवलं तर दर वेळी नजर तिथंच जाणार. म्हणून आवाज चढतो. लोकांना वाटतं आम्ही बारीकसारीक गोष्टींवरून भांडतो. गोष्ट बारीकच असते हो, पण मागे वाट नसते.

आणि 'हातानं बनवलंय' हे वाक्य कृपया बंद करा. माझ्याकडे राजमहेंद्रीचं जुनं हातघडणीचं ईबोनाइट पेन आहे. त्याचं टोपण किंचित तिरकं बसतं, मला काहीच वाटत नाही. पण ते विकणाऱ्यानं देतानाच सांगितलं होतं, 'जरा तिरकं बसेल.' आधी सांगितलं ते वर्णन, नंतर सांगितलं ती सबब.

पेनबाबा

निळी दौत ताईंना +१.

अवांतर : मर्यादित आवृत्तीचं पेन म्हटलं की मला २००९ आठवतं. मॉन्ट ब्लाँनं गांधीजींच्या नावानं २४१ पेनं काढली, दांडीयात्रेच्या २४१ मैलांची आठवण म्हणून. किंमत अकरा लाखांच्या पुढे. आयुष्यभर सूत कातलेल्या माणसाच्या नावानं सोन्याचं पेन! प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि पुढच्या वर्षी भारतातली विक्री थांबवावी लागली. तिथं ओरखड्याचा प्रश्नच आला नाही, आख्खं पेनच ओरखडा ठरलं.

अवांतर समाप्त. चालू द्या.

गुणवत्ताकाकू

चाकणला वाहनांचे प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तेवीस वर्षं तपासणी विभागात काढली. तुमचा प्रश्न आमच्याकडे रोज सकाळी साडेआठला असायचा.

पहिलं म्हणजे पृष्ठभागांची वर्गवारी करा. वापरताना कायम दिसणारा भाग ए. कधीतरी दिसणारा बी. उघडल्याशिवाय दिसत नाही तो सी. तुमच्या पेनात टोपण आणि नळी ए, निब धरणारा मधला भाग बी, टोपणाची आतली बाजू आणि आट्यांची मुळं सी. सी मध्ये हत्याराच्या खुणा चालतील, ए मध्ये नाही. हे एवढं कागदावर आलं तरी निम्मे वाद मिटतात, कारण ग्राहक टोपणाच्या आत टॉर्च मारून फोटो पाठवतो तेव्हा दाखवायला काहीतरी असतं.

दुसरं, बघायचं कसं तेही ठरवा. आम्ही पांढऱ्या उजेडाखाली, हातभर अंतरावर, भाग सावकाश फिरवत दहा सेकंद बघायचो. दहा सेकंदांत नुसत्या डोळ्यांना दिसलं तर दोष. भिंग नाही, झूम नाही. आजकालच्या मोबाइलचा मॅक्रो फोटो पाव मिलिमीटरची खूण अंगठ्याएवढी करून दाखवतो, त्यावर निर्णय द्यायला लागलात तर जगात एकही वस्तू पास होणार नाही. पण लक्षात ठेवा, हा नियम दोन्ही बाजूंनी लागतो. हातभर अंतरावरून दिसत असेल तर 'अहो, काही नाही ते' म्हणायची सोय तुम्हालाही नाही.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, लिमिट सँपल. शब्दांत लिहून काही होत नाही. 'किरकोळ ओरखडा चालेल' यातलं किरकोळ प्रत्येकाचं निराळं. एक नग असा बाजूला काढा की ज्यात चालणारी सगळ्यात वाईट खूण आहे, दुसरा असा की जो जेमतेम नापास. दोन्हींवर तारीख आणि सही, आणि डब्यात बंद. तपासताना नग त्यांच्या शेजारी धरायचा. आमचं कपाट अशा नमुन्यांनी भरलेलं असायचं, आणि वाद झाला की गिऱ्हाइकाचा माणूस आणि आमचा माणूस दोघं त्या कपाटापाशी यायचे.

आणि संध्याकाळी सहानंतर तपासणी करू नका. तुमची तिन्ही जबड्यांची खूण कशी सुटली ते मला न सांगताच कळलं. ट्यूबलाइट, दमलेले डोळे, आणि पन्नासावा नग. बरोबर ना?

शाईचा_डाग

काकू, दंडवत. पन्नासावा नाही, पण रात्रीचे अकरा वाजले होते आणि दुसऱ्या दिवशी कुरियर यायचा होता.

ए, बी, सी आजच कागदावर घेतो. लिमिट सँपलची एक अडचण आहे. रिपल ईबोनाइटमध्ये प्रत्येक कांबीची लाट वेगळी. लाटेच्या काळ्या भागात ओरखडा दिसतो, मरूनमध्ये लपतो. एकाच नमुन्यावरून कसं ठरवणार?

गुणवत्ताकाकू

मग काळ्या भागाचा नमुना ठेवा. जिथं सर्वांत लवकर दिसतं तिथलाच ठेवायचा असतो.

येवलेकरीण

आमच्याकडे पैठणीचा धंदा आहे, माहेरी माग होते. तुमच्या धाग्यावर लिहायला हात शिवशिवतोय.

हातमागाची साडी आहे, कुठंतरी धाग्याला गाठ असणारच. पदरावरचे दोन मोर तंतोतंत सारखे नसणारच. ते मी दाखवते, उलट त्यावरूनच सांगते की ही मागावरची आहे. खऱ्या पैठणीची उलटी बाजू सुलट्या बाजूसारखी दिसते, तीही उलटून दाखवते. पण काठाशी जरीची तार खेचली गेली असेल आणि कापड गोळा झालं असेल, तर ते 'हातमागाचं वैशिष्ट्य' नाही. विणणाऱ्याचा ताण चुकला. माझी सासू असली साडी घडी घालून आत ठेवायची आणि 'ही घरात नेसायला' म्हणायची. दुकानात कधी उघडली नाही.

फरक कसा ओळखायचा? आम्ही मागावरच्या माणसालाच विचारतो, 'हे तू पुन्हा मुद्दाम असं करशील का?' मोरांच्या फरकाला तो हसतो. खेचलेल्या काठाला मान खाली घालतो.

टर्नरमामांना विचारून बघा त्या तीन खुणांबद्दल.

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात. हा सल्ला समजू नये, नुसती माहिती.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ मध्ये कलम २(१०) 'दोष' म्हणजे काय ते सांगतं. दर्जा, प्रमाण, शुद्धता यांतली उणीव. पण कशाच्या तुलनेत उणीव? कायद्यानं ठरवलेल्या दर्जाच्या, कराराच्या, किंवा विक्रेत्यानं स्वतः जे सांगितलं त्याच्या. पेनाच्या चकाकीसाठी सरकारी दर्जा कुठला असणार? म्हणजे तुमची जाहिरात हीच फूटपट्टी. तुम्ही 'निर्दोष पॉलिश' लिहिलं असेल तर तीन खुणा दोष आहेत. 'रिपलमध्ये नगानुसार फरक असेल' लिहिलं असेल तर लाटेचा फरक दोष नाही. शाईचा डाग साहेब, तुमच्या जाहिरातीत नेमकं काय लिहिलंय ते एकदा तपासा.

दुसरं, बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं असेल तर आजच काढा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावर दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. ऑनलाइन विक्रीला २०२० चे ई-कॉमर्स नियमही आहेत. वस्तू जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल तरी परत घ्यावी लागते. म्हणजे चहासारख्या दिसणाऱ्या मरूनवाल्या दोघांचा मुद्दा तुम्ही समजता तितका कच्चा नाही.

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात तक्रारीला फी लागत नाही. ६,८०० रुपयांसाठी कोण जातं म्हणू नका. जाणारे जातात. ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये सुरू केली, पहिला ग्राहक कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. तुमचं गाव या बाबतीत जुनं आहे.

४० टक्केवाल्याबद्दल : परत मागवलंत हेच योग्य. 'वस्तू पाठवा, पूर्ण पैसे घ्या' याला प्रामाणिक तक्रारदार तयार होतो.

शाईचा_डाग

जाहिरात उघडून बघितली. 'आरशासारखं पॉलिश' असं लिहिलंय. माझ्याच हातानं. त्यापुढे तीन उद्गारचिन्हं.

खोकाबहाद्दर

तीन जबड्यांना तीन उद्गारचिन्हं, हिशोब जुळला.

गंमत सोडा. मी छोट्या मोटारी जमवतो, हॉट व्हील्स वगैरे. चेपलेल्या डब्याला तुम्ही एका वाक्यात उडवलंत, ते मला खटकलं. आमच्या छंदात पुठ्ठ्याचं कार्ड आणि प्लॅस्टिकचा फुगा हाच निम्मा माल. ट्रेझर हंट म्हणजे हॉट व्हील्सच्या मोजक्या निघणाऱ्या गाड्या १९९५ पासून निघतात, त्यातली एखादी गाडी न उघडलेल्या कार्डावर असेल तर एक भाव आणि कार्डाचा कोपरा दुमडला की दुसराच. गाडी आतून तीच, बोटही न लागलेली.

संग्राहकाला विकायचं तर डबा हा डबा नसतो. वर आणखी एक साधा खोका घाला, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडून. साठ रुपयांचं काम आहे. आणि त्या माणसाला नवा डबा पाठवा, वाद घालू नका. डब्यावर नंबर नाही ना?

शाईचा_डाग

डब्यावरही नंबर आहे. हातानं लिहिलेला.

खोकाबहाद्दर

तर मग पुन्हा हातानं लिहा, दुसरं काय.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. मीही छोट्या प्रमाणात हातानं केलेल्या वस्तू विकतो, चामड्याच्या. इथून भारतात किंवा भारतातून इथं परत पाठवायचं तर टपालखर्च आणि कस्टम्स मिळून वस्तूच्या किमतीजवळ जातं. त्यामुळे विक्रेत्याला मोह होतो की थोडे पैसे परत देऊन मोकळं व्हावं. मी दोन वर्षं तेच केलं. मग कळलं की माझ्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर 'तक्रार केली की १५ डॉलर मिळतात' ही माहिती फिरतेय. चांगले लोकही मागायला लागले. त्यांचा तरी काय दोष? भाव मीच पाडला होता.

आता पाठवण्याआधी प्रत्येक नगाचा खिडकीच्या उजेडात छोटा व्हिडिओ काढतो आणि घेणाऱ्याला पाठवतो. 'हा तुमचा नग. चालेल?' बहुतेक जण 'मस्त' म्हणतात. एखादा म्हणतो, 'ती खूण कसली?' तेव्हा वस्तू माझ्याच टेबलावर असते. साठ पेनांना दोन संध्याकाळी लागतील. रिंग लाइट फेकून द्या.

ईबोनाइटबद्दल एक : ते उन्हात हिरवट-तपकिरी पडतं हे गिऱ्हाइकांना सांगता का? माझ्या आजोबांचं पेन खिडकीत राहून शेवाळासारखं झालंय.

शाईचा_डाग

सांगतो, पण कमी सांगतो, हे आता जाणवतंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ईबोनाइट म्हणजे रबरच, पण गंधक भरपूर घालून कडक केलेलं. साध्या रबरात गंधक शेकड्याला दोन-तीन भाग, इथं तीस-चाळीसपर्यंत. हातात धरून घासलं की तो वास येतो तो त्याचाच. उजेड आणि दमट हवा लागली की वरचा थर बदलतो, चमक जाते, काळ्यावर हिरवट झाक येते. कोमट-गरम पाण्यात भिजत ठेवलं तरी तेच, रात्रभरात. हा दोष नाही, पण न सांगणं हा दोष ठरेल. कागदावर घालतो : उन्हात ठेवू नका, धुवायचं तर थंड पाण्यानं, नळी भिजत घालू नका.

ठसा

जे. जे.त शिकलो, छापचित्रं करतो. क्रमांकाच्या प्रश्नावर अजून कुणी बोललं नाही म्हणून.

आमच्याकडे छापाखाली पेन्सिलनं १७/६० लिहितात. त्या साठांबाहेर काही छाप चित्रकार स्वतःसाठी ठेवतो, त्यावर आकडा नसतो, 'ए. पी.' असतं, आर्टिस्ट प्रूफ. सहसा आवृत्तीच्या दहाव्या हिश्शापर्यंत. ते किती आहेत हे लपवायचं नसतं. आवृत्ती संपली की प्लेटवर आडवी रेघ ओढून ती रद्द करतात, म्हणजे एकसष्टावा छाप निघू शकत नाही.

तुमची चूक ही की राखीव नग आधी जाहीर केले नाहीत. पुढच्या वेळी 'साठ क्रमांकित, चार बिनक्रमांकित राखीव' असं पहिल्याच दिवशी सांगा. आता यातून निघायचं तर एकच नियम : एका वेळी जगात एकच तेवीस. नवा तेवीस करणार असाल तर जुना आधी तुमच्या हातात आला पाहिजे आणि कापला गेला पाहिजे. कापल्याचा फोटो घेणाऱ्याला पाठवा. नाहीतर उद्या दोन तेवीस बाजारात आले की उरलेल्या एकोणसाठांचीही किंमत गेली. तुम्हाला एक गिऱ्हाईक दिसतंय, मला साठ दिसतायत.

निळी_दौत

कापायचं?? अंगावर काटा आला.

ठसा

येऊ द्या. प्लेटवर रेघ ओढताना आमच्याही येतो.

शाईचा_डाग

येवलेकरीण ताई, शनिवारी गाळ्यावर गेलो होतो. तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

आधी लाटेच्या फरकाचं विचारलं. मामा हसले, म्हणाले, 'कांबीत जे असेल ते निघणार, मी काय रंगवतो?' मग तेवीस नंबरचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, फोटो लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, 'माझं आहे.' बस्स, एवढंच.

मग उपायावर बोललो. मला वाटत होतं पुन्हा पॉलिश मारलं की झालं. ते म्हणाले नाही. खुणा जिथं आहेत तिथंच खाली आकडा कोरलाय. खुणा जाईपर्यंत चारशेचा पेपर मारायचा, मग सहाशे, हजार, दोन हजार, मग बफ. तोवर आकड्याची खोली निम्मी उतरेल आणि पांढरा रंग धरणार नाही. नळी नवी करायची तर टोपण जुनं राहतं, आणि ज्या तुकड्याला लागून ते कापलं तो तुकडा तर हीच नळी. नवी नळी त्या टोपणाशी जुळणार नाही, आटे तिन्ही जागी फिरवलेत तरी. म्हणजे आख्खं पेन नवं करायचं, उरलेल्या दीड फुटातून.

काकांना सगळं जसंच्या तसं लिहिलं. आधी माफी, 'हातानं बनवलंय' या वाक्याची वेगळी माफी. मग तीन पर्याय : पूर्ण पैसे परत, किंवा त्याच लॉटमधून नवा २३, जुना परत आल्यावर कापून, किंवा पेन ठेवा आणि दोन हजार परत घ्या. हडसनकाठी, तिसऱ्यावर तुम्ही रागवाल हे माहीत आहे, पण इथं चूक मापून दाखवलेली होती.

बाकीचे : सत्तेचाळीसचा रंग काढून पुन्हा भरून दिला, अर्ध्या तासाचं काम. मरूनवाल्या दोघांना खिडकीतले फोटो पाठवून विचारलं, एकानं परत पाठवलं, पूर्ण पैसे दिले. ते पेन चार तासांत दुसऱ्यानं घेतलं, खिडकीतला फोटो बघूनच. डबा नवा पाठवला, नंबर पुन्हा हातानं. उरलेल्या तीन तक्रारी काकूंच्या दहा सेकंदांच्या चाचणीला लावल्या. एक नापास निघाली, म्हणजे माझी. दोघांना नम्रपणे सांगितलं की हातभर अंतरावरून हे दिसत नाही, तरी परत करायचं असेल तर तीस दिवस आहेत. एकानं 'ठीक आहे' लिहिलं. दुसऱ्यानं काहीच लिहिलं नाही. तो पुढच्या वेळी घेणार नाही असं वाटतं.

गुणवत्ताकाकू

असूद्या. सगळे पास होत नाहीत, गिऱ्हाइकंसुद्धा.

चकमध्ये नुसत्या लोखंडी जबड्यांत ए पृष्ठभाग धरतात का हो तुमच्याकडे? मऊ जबडे लावत नाहीत?

पेनबाबा

धागा वर काढतोय. पंधरा दिवस झाले, २३ चं काय झालं?

शाईचा_डाग

सांगायचं राहिलं.

काकांनी तिन्ही पर्याय नाकारले. लिहिलं की त्यांनी छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, लेथवर माणसाचा हात कुठं कंटाळतो ते त्यांना ठाऊक आहे. पेन छान लिहितं. आकडाही हवा होता तोच मिळालाय, त्यांच्या नातीचा वाढदिवस २३ ला असतो. कापायचं नाव काढू नका. 'फक्त तुमच्या टर्नरला सांगा, चकला तांब्याची पट्टी लावून मऊ जबडे करून घ्या. पुढच्या साठांत असं होणार नाही.'

मामांना तो मेल गाळ्यावर वाचून दाखवला. काकू, तुमचाही प्रश्न सांगितला. मामांनी बाकाखालचा खण ओढला. तांब्याच्या पट्ट्या आत होत्या, तीन, सुताच्या चिंधीत गुंडाळलेल्या, जबड्यांच्या मापानं वाकवून ठेवलेल्या.

'आहेत की,' म्हणाले. 'तू त्या दिवशी उद्या सकाळी कुरियर येतोय म्हणालास.'

येवलेकरीण

:)

मामांना नमस्कार सांगा.